फिफ्थ व्हीलला ग्रीस: जुन्यावरच थापायचं का? आणि किंग पिन भरून घ्यावा का?

उरण_चाळीसफूट
४० फुटी ट्रेलर, जेएनपीटी ते तळोजा एमआयडीसी फेऱ्या. पाऊस सुरू झाल्यापासून कळंबोली सर्कलला स्टिअरिंग जड लागतं, वळण संपलं तरी घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) लवकर सरळ होत नाही. गाडी उचलताना मागून झटकाही बसतो. ड्रायव्हर दर आठवड्याला फिफ्थ व्हीलवर, म्हणजे घोड्याच्या मागच्या ज्या प्लेटवर ट्रेलर टेकतो तिच्यावर, ग्रीस थापतो, फरक शून्य. गॅरेजवाला म्हणतो किंग पिन (ट्रेलरखालचा, त्या प्लेटच्या लॉकमध्ये अडकणारा खुंट) झिजलाय, वेल्डिंगने भरून देतो. भरून घ्यावा का? ग्रीस कोणतं आणि किती?

तळोजा_फिटर
पिन भरून घेऊ नका, कितीही स्वस्तात देत असला तरी. ती हार्डन केलेली असते. वेल्डिंगच्या आचेने हार्डनेस जातो, कडेला ठिसूळ पट्टा राहतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. अख्खा ट्रेलर त्या एका पिनवर ओढला जातो, हे विसरू नका.

आधी व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा. २ इंची पिनचा गळा, म्हणजे जॉ (लॉकचा जबडा) पकडतो तो भाग, नवा असताना ५०.८ मिमी असतो. ४९ च्या खाली गेला की पिन बदलायची. गळ्याच्या वरचा जाड भाग ७३ मिमी, त्याची मर्यादा ७१. माप दोन दिशांनी घ्या. झीज मुख्यतः पुढे-मागे होते, त्यामुळे आडवं माप नव्यासारखं दिसून फसवतं.

आता ग्रीस. जोडलेल्या ट्रेलरला कडेने थापलेलं ग्रीस कडेलाच राहतं. वजन जिथे बसतं तो भाग कोरडाच, म्हणून तुमचं स्टिअरिंग जड. ट्रेलरची प्लेट घोड्याच्या प्लेटवर फिरत नाही, ती घोड्याला सरळच ढकलत राहते. पुढचे टायरही त्यातच घासतात.

त्यामुळे ट्रेलर सोडावाच लागेल. सपाट जागा, चाकांना लाकडी ठोकळे, ट्रेलरचे पुढचे उभे पाय पूर्ण टेकवलेले. रस्त्याकडेची भुसभुशीत माती नको, पाय रुततात. दोन्ही प्लेटांवरचं जुनं ग्रीस पत्र्याच्या पट्टीने खरवडा, मग डिझेलच्या फडक्याने पुसा. काढलेलं थोडं ग्रीस दोन बोटांत चोळून बघा. करकरलं तर त्यात रेती आहे, उन्हात बारीक चमक दिसली तर लोखंडाचा कीस. त्यावर नवं थापणं म्हणजे पॉलिश पेपरला तेल लावणं. प्रेशर वॉशर लॉकवर मारू नका, पाणी आत बसतं.

नवं ग्रीस लिथियम ईपी-२ (जास्त दाब सोसणारं), मॉलीवालं (मॉलिब्डेनम मिसळलेलं). साधं चेसी ग्रीस पावसात टिकत नाही. प्लेटच्या खाचा काठोकाठ भरा आणि वर मिलिमीटरभर थर द्या. साधारण ३०० ते ४०० ग्रॅममध्ये काम होतं. जास्त घातलेलं पहिल्याच वळणाला चेसीवर सांडतं आणि धूळ धरतं. जॉ आणि पिनच्या गळ्याला पातळ हात पुरे. लॉकच्या हँडलच्या सांध्याला ग्रीस नको, इंजिन ऑइलचे चार थेंब सोडा. ग्रीस तिथे घट्ट होऊन लॉक अर्धवट बसू शकतं.

घोडबंदर_लाइन
वरच्यात एक भर. प्लेटवर प्लास्टिकच्या पट्ट्या असतील तर वरून ग्रीस लागत नाही, पण जॉ आणि पिनला लागतंच. लोक ते विसरतात. प्लेटखालच्या ब्रॅकेटात रबर बुश असेल तर तिथेही ग्रीस नको, रबर फुगतं. पोर्टच्या खाऱ्या हवेत पावसाळाभर पंधरवड्याला साफसफाई करा, एरवी महिन्याला. शेडूलसाठी मॅन्युअल बघाच.

उरण_चाळीसफूट
प्लेट साधी आहे. सोडून मोजलं, पिनचा गळा ४९.६. सांगितल्याप्रमाणे ग्रीस केलं, स्टिअरिंग हलकं झालं. झटका मात्र तसाच.

तळोजा_फिटर
मग पिन चालू ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी मोजा. झटका ग्रीसने जाणारच नव्हता. ट्रेलरचा ब्रेक लावून घोडा किंचित पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्याने बाजूला, चाकांपासून लांब उभं राहून पिनजवळ बघावं. प्लेट आणि ट्रेलर यांच्यात पुढे-मागे खेळ दिसला तर लॉक ढिलं आहे. लॉकचा ॲडजस्टिंग स्क्रू मॅन्युअलप्रमाणे फिरवा. स्क्रू संपला तरी खेळ राहिला तर जॉ आणि वेअर रिंग (लॉकमधली, पिन घासते ती रिंग) बदला. पिनजवळ खेळ नसेल तर ब्रेककडे वळा. ट्रेलरचा ब्रेक उशिरा सुटला तरी असाच झटका बसतो.

खाली वाकलाच आहात तर प्लेटचे बोल्टही बघा. डोक्याभोवती गंजाचा लाल ओघळ असेल तर तो बोल्ट हलतोय.

घोडबंदर_लाइन
जोडतानाची उंचीही तपासा भाऊ. ट्रेलरची प्लेट घोड्याच्या प्लेटपेक्षा थोडी खाली हवी, म्हणजे घोडा आत शिरताना ट्रेलर किंचित उचलला जातो. उंच राहिली तर पिन जॉच्या वरून जाते. हँडल कधी कधी अर्धवट बसतं आणि ड्रायव्हरला वाटतं जोडली गेली. टॉर्च घेऊन खालून बघा: जॉ पिनच्या गळ्याभोवती पूर्ण मिटलेला, दोन प्लेटांत फट नाही, हँडलची क्लिप लागलेली. मग ट्रेलरचा ब्रेक लावून पहिल्या गियरमध्ये हळू ओढा. पाय वर उचलायचे ते त्यानंतरच.