अमेरिका दरवेळी जिंकत नाही

'१९ वर्षांखालची बास्केटबॉलची विश्वचषक स्पर्धा म्हणजे अमेरिकेला सुवर्ण द्यायचा सरकारी कार्यक्रम' असं लोक म्हणतात, ते काही पटत नाही. २०१७ ला कैरोत कॅनडाने त्यांना सेमीफायनललाच घरी बसवलं, ९९-८७! कॅनडाचा आर. जे. बॅरेट तेव्हा १७ वर्षांचा; एकट्याने ३८ गुण आणि १३ रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं). फायनलला इटलीला हरवून सुवर्णही नेलं. समोर अमेरिकेच्या बाकावर कॅलिपारीसारखा नावाजलेला कोच होता, आणि कॅनडाचा कोच रॉय राणा, भारतीय वंशाचा. याचं आपल्याकडे कुणाला फारसं कौतुक झालं नाही, असो.

नियमांबद्दल फारसं कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, सहाव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो; फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सामन्यात (ही स्पर्धाही त्यांचीच) पाचव्यालाच. २०२१ ची अमेरिका-फ्रान्स फायनल यूट्यूबवर बघा. फ्रान्सचा उंचपुरा वेम्बान्यामा एकामागून एक फटके ब्लॉक करतोय, अमेरिकन पोरं आत शिरायला बिचकतायत, आणि ऐन मोक्याला गडी पाच फाउल होऊन बाकावर. फ्रान्स ८१-८३ असं दोन गुणांनी हरलं. दुसरं म्हणजे बॉल एकदा रिंगला लागला की तो रिंगवर घुटमळत असतानाही फिबात टोलवता येतो, एनबीएत ते चालत नाही. युरोपातली पोरं लहानपणापासून याच नियमांत वाढतात, त्यामुळे त्यांचा हात आपसूक तिथे जातो. नुसत्या उंचीचा आणि उडीचा हिशेब मांडून या स्पर्धेचा निकाल सांगता येत नाही तो यामुळेच.