मुख्य पात्रच बदललं तेव्हा... सायन्स फिक्शन सिरीयल बघणाऱ्यांनो, तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, कोथरूड

मंडळी, एकच विचारायचंय. सायन्स फिक्शन सिरीयलमधलं मुख्य माणूस मधेच बदललं तर तुम्ही पुढे बघत राहिलात का, आणि राहिलात तर कशामुळे? नुसतं 'जुनाच बरा होता' नको, जरा सविस्तर लिहा प्लीज. घरगुती मालिकांमधे काय होतं, तीच सून, चेहरा नवा, आणि घरातल्या कुणाला काही वाटतच नाही. इथे मात्र लेखकाला सांगावं लागतं की तो कुठे गेला आणि हा कोण, आणि ते सांगताना काही वेळा फार सुंदर काहीतरी होऊन जातं.

सुरुवात मी करते. माझं अर्थातच डॉक्टर हू. १९६६ मधे डॉक्टरचं काम करणाऱ्या विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना, संवाद लक्षात राहीनात, तेव्हा बीबीसीने सिरीयल बंद केली नाही. डॉक्टर परग्रहावरचा आहे ना, मग थकलेलं शरीर टाकून तो नवं घेऊ शकतो असं ठरवलं आणि पॅट्रिक ट्राउटनला आणलं, दिसायला-वागायला पार वेगळा. मला यात सगळ्यात आवडतं ते हे की सोबतच्या बेनला पटतच नाही हा डॉक्टर आहे म्हणून. आपल्या मनातली शंका पडद्यावरच कुणीतरी बोलून दाखवतंय. २०१४ ला पीटर कपाल्डी आला तेव्हाही सोबतची क्लारा तशीच गोंधळते, आणि मग तिला फोन येतो तो आधीच्या डॉक्टरचा, मॅट स्मिथचा, जायच्या आधी करून ठेवलेला, की तो नवा माणूस घाबरलाय, त्याला तुझी गरज आहे. माझी लेक मॅट स्मिथवर जीव टाकायची, कपाल्डी म्हातारा आहे मी नाही बघणार म्हणून बसली होती. त्या फोननंतर बघत राहिली, आणि आज विचाराल तर तिचा आवडता डॉक्टर कपाल्डीच आहे.

सहकारनगर

ताई छान धागा. माझं एक्स फाइल्स, एफबीआयचे मोल्डर आणि स्कली गूढ केसेस शोधतात ती. हॉस्टेलच्या टीव्ही रूममधे मॅच सोडून इंग्लिश चॅनल लावायचा म्हणजे रोजचं भांडण, तरी आम्ही चारपाच जण नेटाने बघायचो. सातव्या सीझननंतर डेव्हिड डुकॉव्हनी बाजूला झाला, म्हणजे मोल्डर बऱ्याच एपिसोडमधे नाहीच, आणि २००० च्या शेवटी रॉबर्ट पॅट्रिक आला डॉगेट म्हणून. आमच्यासाठी तो टर्मिनेटर टू मधला खुनी यंत्रमानव, त्यामुळे आधीच राग. पण पहिल्याच भेटीत तो आपण कोण हे न सांगता स्कलीकडून मोल्डरबद्दल काढून घ्यायला बघतो आणि तिच्या लक्षात आल्यावर ती हातातलं पाणी सरळ त्याच्या तोंडावर फेकते. टीव्ही रूममधे टाळ्या पडल्या होत्या! आमचं काम तिनेच करून टाकलं. त्यानंतर मला डॉगेटचा राग यायचा बंद झाला. आणि दुसरं म्हणजे डॉगेट कशावर विश्वास ठेवत नाही म्हटल्यावर इतकी वर्षं शंका घेणाऱ्या स्कलीलाच मोल्डरची बाजू मांडायला लागते, ते मला मोल्डर असतानाच्या कितीतरी एपिसोडपेक्षा जास्त आवडलं. जिलियन अँडरसन त्या सीझनमधे काय ताकदीची नटी आहे ते कळतं.

हडपसर

शक्तिमानमधली गीता विश्वास. आधी किटू गिडवानी होती मग वैष्णवी महंत आली. मी लहान होतो, आईला विचारलं ही गीता नाहीये ना? आई म्हणाली आता हीच गीता. दोनतीन रविवारांत सवय झाली. कारण-बिरण काही दिलं नव्हतं आणि आम्हा मुलांना लागलंही नाही.

सदाशिव पेठ, नाटकवाला

मी जरा पलीकडच्या बाजूने लिहितो. प्रायोगिक नाटकात रिप्लेसमेंट केलेली आहे, भरत नाट्यला प्रयोग होता. संहिता पाठ करायला वेळ लागत नाही हो, पण समोरची नटी पॉज घेते तो आधीच्याच्या टायमिंगने, आणि तिचे डोळे एक क्षण तुमच्या खांद्यामागे कुणालातरी शोधतात, ते सगळ्यात अवघड जातं. म्हणून मला स्टार ट्रेकच्या डीप स्पेस नाइन मधली एझ्री डॅक्स फार जवळची वाटते. १९९८ मधे टेरी फॅरेलने सिरीयल सोडली, तिची जॅडझिया सहाव्या सीझनच्या शेवटी मारली. पण तिच्या पोटात डॅक्स नावाचा जीव आहे जो एका शरीरातून दुसऱ्यात जातो, सगळ्या आठवणी घेऊन. तो जीव मिळतो एझ्रीला, आणि तिने त्याचं काही शिक्षण घेतलेलं नाही, आणीबाणी म्हणून घ्यावा लागला. म्हणजे नवऱ्याच्या, मित्रांच्या सगळ्या आठवणी हिच्या डोक्यात आहेत आणि हिला मात्र कुणी ओळखत नाही. वॉर्फ, जॅडझियाचा नवरा, तो तर तिला टाळतोच. निकोल डि बोअरला एकच सीझन मिळाला, तोही शेवटचा, ज्यात बाकीच्यांच्या गोष्टी संपवायची घाई. लोक म्हणतात तिला उगाच जास्त एपिसोड दिले. मी म्हणतो अजून द्यायला हवे होते. दुसऱ्याच्या जागी उभं राहणाऱ्या माणसाची अवस्था इतकी बरोबर मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

पिंपळे सौदागर

स्टारगेटचा जोनास क्विन! डॅनियलचं काम करणारा मायकल शँक्स पाचव्या सीझननंतर गेला, सहाव्यात जोनास म्हणून कॉरिन नेमेक आला, सातव्यात शँक्स परत आणि जोनासला घरी पाठवून दिलं. बिचाऱ्याने काय वाईट केलं होतं? डॅनियलवर खोटा आळ आला तेव्हा हा आधी गप्प राहिला याची टोचणी घेऊन आलेलं पात्र होतं, टीमचा प्रमुख ओनील त्याला उभा करत नव्हता, हळूहळू त्याने जागा मिळवली होती. डॅनियल मलाही आवडतो पण दोघंही राहू शकले असते.

बाणेर

बॅबिलॉन ५ चं कुणीच कसं लिहिलं नाही? थोडं मोठं होईल, आणि स्पॉयलर आहेत, ज्यांना बघायचंय त्यांनी पुढे जा.

पहिल्या सीझनला, १९९४ मधे, मुख्य पात्र कमांडर सिन्क्लेअर, नट मायकल ओहेअर. दुसऱ्या सीझनला मुख्य पात्र म्हणून तो नाहीच, मिनबारी नावाच्या परग्रहवासींकडे राजदूत म्हणून पाठवला आणि त्याच्या जागी ब्रूस बॉक्सलायट्नरचा शेरिडन. वर्षानुवर्षं सगळे म्हणायचे काढला असेल चॅनलने, लाकडी अभिनय करायचा वगैरे. खरं कारण २०१३ मधे कळलं, ओहेअर आदल्या वर्षी वारल्यानंतर. पहिल्या सीझनचं शूटिंग चालू असतानाच त्याला गंभीर मानसिक आजार झाला होता, भास व्हायचे, कुणीतरी मागावर आहे असं वाटायचं. सिरीयलचे कर्ते स्ट्रॅझिन्स्की म्हणाले तू बरा होईपर्यंत शूटिंग थांबवतो. तो नको म्हणाला, कारण इतक्या लोकांची कामं गेली असती. तशा अवस्थेत त्याने सीझन पूर्ण केला. स्ट्रॅझिन्स्कींनी तो असेपर्यंत एक शब्द बाहेर काढला नाही, आणि नंतर सांगितलं तेही त्याचीच तशी इच्छा होती म्हणून.

माझ्या धाकट्या भावाला अशाच स्वरूपाचा आजार आहे. औषधं चालू असतात, आता बरा आहे, काम करतो. पण पहिला अॅटॅक आला तेव्हा जिथे नोकरीला होता तिथे त्याच्या जागी दुसरा आला, ते ठीक, काम कुणीतरी करायलाच हवं, पण नंतर तिथल्या कुणी त्याचं नावही काढलं नाही, एक फोन नाही. म्हणून मला सिन्क्लेअरचं पुढे जे केलं त्याचं इतकं वाटतं. १९९६ मधे, तिसऱ्या सीझनला, उपचार घेतलेल्या ओहेअरला दोन भागांसाठी परत बोलावलं, आणि त्यात सिन्क्लेअर हजार वर्षं मागे जातो आणि मिनबारी ज्याला पूजतात तो वॅलेन होतो. म्हणजे ज्याला बदलला तोच त्या सगळ्या कथेच्या मुळाशी निघतो. आजारी माणसाची जागा दुसऱ्याला दिली, पण गोष्टीतलं त्याचं स्थान राखून ठेवलं, अजून मोठं केलं. मी हे भावाबरोबर बसून पाहिलंय.

धागाकर्ती, कोथरूड

बाणेरवाले दादा, मनापासून आभार, हे लिहिल्याबद्दल. भावाला आमचा नमस्कार सांगा. मी बॅबिलॉन पाहिलेलीच नाही, आता बघणार. पहिला सीझन जरा संथ आहे, सोडला तरी चालेल असं ऐकलंय, खरं का?

बाणेर

ताई, सांगतो त्याला. आणि नाही, पहिला सीझन अजिबात सोडू नका. त्यात 'बॅबिलॉन स्क्वेअर्ड' नावाचा एपिसोड आहे, बराच शेवटी येतो, तो नीट लक्ष देऊन बघा. त्यातल्याच घटना तिसऱ्या सीझनमधे दुसऱ्या बाजूने दिसतात, आणि पहिल्या वेळेस ज्याचा अर्थ लागत नाही ते सगळं तिथे उलगडतं.