नाताळात गुलमर्ग: बर्फाचा भरवसा नाही

नाताळच्या सुट्टीत मुलांना गुलमर्गला स्कीइंग शिकवायचं, हा तुमचा बेत छान आहे. पण जमत असेल तर तारखा पुढे ढकला. काश्मीरमधला कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ, म्हणजे चिल्लई कलां, २१ डिसेंबरच्या सुमारास सुरू होतो. त्याआधी थोडाफार बर्फ पडतो, पण तो टिकेलच असं नाही. सगळं पश्चिमी झंझावातांवर, म्हणजे पश्चिमेकडून येऊन हिवाळ्यात बर्फ आणणाऱ्या वादळी हवामानावर अवलंबून. जानेवारी २०२४ मध्ये ऐन हंगामात गुलमर्गचे उतार उघडे पडले होते, हे विसरू नका. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य हा त्यातल्या त्यात खात्रीचा काळ. शाळा बुडेल, पण बर्फ मिळेल.

तुमच्या प्रश्नावर कुणीतरी गोंडोलाने, म्हणजे तिथल्या केबल कारने, थेट अफरवट या उंच डोंगरावर जायला सुचवलंय. शिकाऊंनी ते अजिबात करू नये! गोंडोलाचा दुसरा टप्पा साधारण ३,९५० मीटरवर नेतो, तिथले उतार नैसर्गिक आहेत आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे एका परदेशी स्कीअरचा जीव गेला. मुलांसाठी गावाजवळचे सौम्य उतार पुरेसे आहेत. नुसतं बघायला वर जायचं असेल, तर गोंडोलाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा.

श्रीनगरहून अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर, पण बर्फ पडला की वाटेतल्या टंगमर्ग गावापासून पुढे चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर गाडीच लागते. परतीच्या विमानाआधीची रात्र श्रीनगरलाच काढा. बूट-स्की गुलमर्गलाच भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. वॉटरप्रूफ हातमोजे मात्र घरूनच न्या.