‘बिंगफ्येन’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिनी : चिनी औषधांवरील एका पुस्तकाच्या अनुवादात मी ‘बिंगफ्येन’साठी ‘भीमसेनी कापूर’ असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘चिनी कापूर’ केले आहे. मूळ शब्दाचा अर्थ ‘बर्फाची कपची’ असा आहे, बेशुद्धीवरील गोळ्यांत हे द्रव्य घालतात आणि त्याचा उग्र गंध बोर्निऑल या घटकाचा असतो. यासाठी मराठीत रुळलेले नाव कोणते?

निघंटुवाचक : ‘चिनी कापूर’ मुळीच नको. ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात कापराचे पक्व आणि अपक्व असे भेद सांगून अपक्वाला अधिक गुणकारी म्हटले आहे आणि ‘चीनाक’ कापूर वेगळा नोंदवला आहे. बिंगफ्येन तर खुद्द चीनमध्येच पूर्वी सुमात्रा-बोर्निओकडून समुद्रमार्गे जात असे. म्हणजे चिन्यांनी ज्याला परदेशी माल मानले, त्यालाच आपण चिनी म्हणणार! ‘राजनिघंटू’ या औषधी द्रव्यांच्या कोशात कापराच्या प्रकारांमध्ये ‘भीमसेन’ हे नाव आहेच. आपला पहिला शब्द योग्य होता.

रसायनवेडा : मुळात याला कापूर म्हणणेच मला खटकते. कापूर हा कीटोन आहे आणि बोर्निऑल हे अल्कोहोल आहे. दोघांच्या रेणूंत हायड्रोजनच्या दोनच अणूंचा फरक असला, तरी कापूर सुमारे १७७ अंशांना वितळतो आणि बोर्निऑलला सुमारे २०८ अंश लागतात. शिवाय आजच्या चिनी औषधसंहितेत याच्या तीन नोंदी आहेत : कापराच्या झाडापासून मिळणारे नैसर्गिक बिंगफ्येन, ब्लूमिया नावाच्या वनस्पतीच्या पानांपासून काढलेले ‘आयफ्येन’ आणि कृत्रिमरीत्या बनवलेले, ज्यात आयसोबोर्निऑलही असते. यांपैकी भीमसेनी नेमका कोणता म्हणायचा? सरळ ‘बोर्निऑल’ लिहावे.

खलबत्ता : काजळात आणि विड्यात घालायला भीमसेनी आणताना आमच्या आजीने रेणू मोजले नव्हते. पारदर्शक कपची जिभेवर ठेवली की आधी मिऱ्यासारखी चुणचुण होते आणि मग घसा गार पडतो, ही तिची परीक्षा होती. ज्याला लोक कापूर म्हणतात तो कापूर, मग रसायनशास्त्र काहीही म्हणो. (अर्थात हल्ली दुकानात भीमसेनी म्हणून मिळणाऱ्या प्रत्येक पुडीची मी हमी देणार नाही.) आणखी एक सुचवतो. जैन मंदिरांत पूजेला लागणारा ‘बरास’ हा शब्द सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील बारुस बंदरावरून आला असावा. मलय भाषेतही ‘कापूर बारुस’च म्हणतात. वाळू मोजायच्या ‘ब्रास’ या मापाशी त्याचा काही संबंध नाही.

रसायनवेडा : बरास लिहिले तर वाचक वाळूच्याच ढिगाऱ्यावर जाऊन पोचेल. आणि ‘भीमसेनी’ हे बारुसचेच लोकांच्या तोंडी झालेले रूप नसेल कशावरून?

निघंटुवाचक : ‘बारुस’चा ‘भीमसेन’ होण्यासाठी कोणते ध्वनिनियम लागू करायचे, तेही आपण सांगावे. नुसत्या आद्याक्षरांच्या साम्यावर व्युत्पत्ती ठरत नाही.

अनुवादिनी : याच नोंदीत दुसरीही अडचण आहे. बिंगफ्येनचे रस ‘शिन’ आणि ‘खू’, म्हणजे झणझणीत आणि कडू, असे दिले आहेत. मी ‘कटू व तिक्त’ असे लिहिले, तर संपादकांनी पानाच्या समासात ‘द्विरुक्ती’ असा शेरा मारला.

निघंटुवाचक : शेरा चुकीचा आहे. आयुर्वेदात कटू म्हणजे मिरी-सुंठीचा तिखट रस आणि तिक्त म्हणजे कडुनिंबाचा कडू रस. मराठीने मात्र कटूपासून ‘कडू’ घडवला आणि मिरचीसाठी तीक्ष्णाकडून ‘तिखट’ घेतला, म्हणून हा गोंधळ होतो. आपण ‘कटू’च ठेवावे आणि तळटीप द्यावी.

खलबत्ता : तळटीप वाचतो कोण? ‘कटू सत्य’ म्हणणारा वाचक ‘कटू’चा अर्थ कडू असाच घेणार. ‘तिखट आणि कडू’ लिहून मोकळे व्हावे.

निघंटुवाचक : मग त्रिकटू चूर्णालाही आपण उद्यापासून ‘तीन तिखट’ म्हणणार आहात काय?

खलबत्ता : सुंठ, मिरी आणि पिंपळी, तिन्ही तिखटच आहेत. त्यात चुकीचे काय?