यादी सरकवताना पहिल्या फ्रेमा का गळतात? लिनक्सच्या पेल्ट या भारमापनाचा हिशोब मला पटत नाही

जिरावन_जास्त
इंदुरात बिलिंगच्या मशीनचं सॉफ्टवेअर करतो. हातात मावणारं अँड्रॉइड मशीन, प्रोसेसरमध्ये चार मोठे कोअर, चार छोटे, लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) ४.९. आमचं एक गिऱ्हाईक सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, गाडा लावतं. कॅशियर मालाची यादी सरकवायला बोट लावतो की पहिल्या चार-पाच फ्रेमा अडखळतात, मग यादी लोण्यासारखी सरकते. मध्ये दोन मिनिटं कोणी आलं नाही की पुन्हा तेच. मालक विचारतो, "क्या भिया, मशीन सो गई थी क्या?"

आता त्याला काय सांगू, खरंच झोपलेली असते! ट्रेस काढला. पडदा रंगवणारा थ्रेड (ॲपमधलं एक स्वतंत्र चालणारं काम) छोट्या कोअरवर, तळाच्या फ्रीक्वेन्सीवर जागा होतो आणि तिथेच धापा टाकतो.

कारण पेल्ट. लिनक्स ३.८ पासून, म्हणजे २०१३ पासून, शेड्युलर, म्हणजे कुठलं काम कधी आणि कुठल्या कोअरवर चालेल ते ठरवणारा भाग, प्रत्येक टास्कचा (असल्या एकेका कामाचा) भार वेगळा मोजतो. वेळेचे १०२४ मायक्रोसेकंदांचे तुकडे पाडायचे, टास्क त्यात किती चालला ते लिहायचं आणि जुनी नोंद दर तुकड्याला जराशी झिजवायची, अशी की ३२ तुकड्यांनी ती निम्मी उरते. पूर्ण भार १०२४. शून्यातून उठलेला टास्क सलग पळाला तरी ३२ मिलिसेकंदांनी ५१२ वर पोचतो, ६४ ने ७६८ वर. फ्रीक्वेन्सी ठरवणारा शेड-यूटिल या आकड्याच्या सव्वापट धरतो, म्हणजे घड्याळ पूर्ण चढायला ८१९ पार व्हायला हवेत. त्याला ७४ मिलिसेकंद लागतात. साठ हर्ट्झच्या पडद्यावर तेवढ्यात चार फ्रेमा गेल्या. शिवाय तळाच्या फ्रीक्वेन्सीवर चाललेला वेळ पूर्ण वेळ म्हणून धरतच नाहीत.

म्हणजे काम नसताना शहाण्यासारखा झोपलेला टास्क शून्य मार्कांवर, आणि मागे उगाच सिंक करत बसलेला पैकीच्या पैकी. याला न्याय म्हणतात? माझं मत : कालच्या धावण्यावरून आजची भूक मोजणं हीच मूळ चूक आहे.

रामबागेतला_मास्तर
चोर सोडून संन्याशाला सुळी देतोयस. एका कोअरवर आधी कोण आणि किती वेळ, हा न्याय पेल्ट करतच नाही. ते काम २००७ पासून सीएफएस या शेड्युलरच्या व्हर्च्युअल रनटाइमचं (कोण किती चालला याची वजनानुसार नोंद), आणि लिनक्स ६.६ पासून त्याच्या जागी आलेल्या ईईव्हीडीएफचं. तिथे वजन लागतं ते नाइसचं, म्हणजे टास्कला दिलेल्या प्राधान्याच्या आकड्याचं : शून्याला १०२४, पुढे प्रत्येक पायरीला सव्वापटीचा फरक, एकोणीसला फक्त १५. झोपून उठलेल्याला तिथे शिक्षा तर नाहीच, सीएफएस उलट थोडं झुकतं माप द्यायचा.

पेल्ट सांगतो दोनच गोष्टी : टास्क कुठल्या कोअरवर ठेवावा आणि तो कोअर किती जोरात पळवावा. आमच्या वाड्यात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड यायचं. हंडा आधी कोणाचा यावर भांडणं व्हायची ती वेगळी आणि मोटर किती वेळ चालवायची यावरची वेगळी. दोन्ही भांडणं मी सोडवलेली आहेत, त्यामुळे फरक कळतो.

जिरावन_जास्त
सर, फरक समजला. पण हंड्याचा पहिला नंबर लागून नळाची धार करंगळीएवढी असेल, तर त्या बाईने पहिला नंबर घेऊन करायचं काय?

बडोद्याची_सून
मी फोनच्या कर्नलवर काम करते, त्यामुळे या बाबतीत जिरावनदादांच्या बाजूने. तुमच्या तक्रारीत दोन मिनिटांचा काही संबंध नाही, हे मात्र सांगते. पाव सेकंद झोपलात तरी जुन्या आकड्यातला अर्धा टक्काही उरत नाही. पेल्ट चढायला आळशी आणि विसरायला तत्पर, दोन्ही एकाच अर्धायुष्यामुळे.

म्हणूनच क्वालकॉमने फोनसाठी वॉल्ट हे वेगळं भारमापन केलं. त्यात वेळेच्या खिडक्या असतात. नुकतीच संपलेली खिडकी आणि मागच्या काही खिडक्यांची सरासरी, यांत जी मोठी ती धरायची. टास्क झोपला म्हणून त्याची खिडकी झिजत नाही. मूळ लिनक्समध्ये ते कधी घेतलं गेलं नाही, पण लाखो खिशांत चालतंय.

रात्रपाळी
ताई, फोनचं ठीक आहे. माझ्याकडे सर्व्हर आहेत, चौसष्ट कोअरवाले. तिथे आकडा असा उड्या मारायला लागला तर टास्क या कोअरवरून त्या कोअरवर नाचत बसतील आणि प्रत्येक उडीला कॅशे (कोअरजवळची झटपट मेमरी) गार. मला आळशी आकडाच हवा.

आणि पेल्टची रचना उगाच तशी नाही. प्रत्येकाची झीज एकाच दराने होते, म्हणून कोअरवरच्या झोपलेल्या सगळ्यांच्या भाराची बेरीज करून त्या बेरजेलाच एकदा गुणलं की काम झालं. हजार टास्क झोपलेले असोत, गुणाकार एकच. खिडक्यांच्या कमाल आकड्याची अशी बेरीज करून दाखवा बरं.

अन्याय बघायचाच असेल तर गटांकडे बघा. एका टर्मिनलमधून चौसष्ट थ्रेडचं कंपायलेशन, दुसऱ्यातून एकच थ्रेड. दर टर्मिनलचा एक गट धरणारा ऑटोग्रुप दोन्ही टर्मिनलना सारखा वाटा देतो, म्हणजे कंपायलेशनमधल्या एकेका थ्रेडचा भार त्या एकट्याच्या चौसष्टाव्या हिश्शाएवढा. २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं की तो एकटा जड थ्रेड आपल्या कोअरांच्या अख्ख्या गटाची सरासरी फुगवतो, कोअरांमध्ये काम वाटणारा बॅलन्सर समजतो की इथे गर्दी आहे, आणि शेजारचे कोअर चक्क रिकामे! लिनक्स ५.५ मध्ये बॅलन्सर नव्याने लिहिला तेव्हा कुठे नुसत्या भाराऐवजी चालू टास्कची संख्या आणि वापर बघायला लागला. मोजमाप बरोबर होतं, वाचणारा चुकत होता.

होळकरी_पगडी
आमच्याकडे एकदा लोड ॲव्हरेज (अख्ख्या सिस्टिमच्या सरासरी भाराचा आकडा) चाळीस आणि प्रोसेसर निवांत होता. पेल्टवर भरवसा कसा ठेवायचा?

रामबागेतला_मास्तर
तो आकडा निराळा हो, पगडीराव. लोड ॲव्हरेजमध्ये डिस्कची वाट बघत अडकलेले टास्कही १९९३ पासून धरतात. तुमचं नेटवर्क स्टोरेज लटकलं असेल. इथे नका आणू.

जिरावन, तुझ्या दुखण्यावर औषध निघालेलं आहे. ४.१७ मध्ये, २०१८ साली, यूटिल-एस्ट आलं. टास्क झोपायला जाताना त्याचा वापर किती होता हे टिपून ठेवतात, त्यात नव्या नोंदीला पाव वजन आणि जुन्याला पाऊण. झोपेत हे टिपण झिजत नाही. उठला की पेल्टचा आकडा आणि टिपण यांतलं मोठं ते घ्यायचं. तुझ्या व्हेंडरने दिलंय का?

जिरावन_जास्त
नाही दिलं, कोड उघडून बघितलं. पण नव्या मशीनचा नमुना आलाय, कर्नल ५.१०, त्यावर आजच चालवून पाहिलं. यादी सरकवण्याचा प्रश्न खरंच सुटला. सरकत असताना थ्रेड सहाशेच्या आसपास असतो, तेच टिपण पुढच्या वेळी उपयोगी पडतं. तेवढी माघार घेतो.

पण "बिल" बटणाचं काय? एका टॅपमागे बारा मिलिसेकंद जीव तोडून काम, मग गप्प. शून्यातून बारा मिलिसेकंदांत आकडा जेमतेम २३४ पर्यंत जातो. झोपताना टिपलं काय, तर २३४! म्हणजे यूटिल-एस्टने जे इमानदारीने लक्षात ठेवलं तेच मुळात तोकडं. याला घाई आहे हे त्या आकड्यात कुठेच नाही.

बडोद्याची_सून
बरोबर, वापर म्हणजे निकड नव्हे. त्यासाठी ५.३ पासून यू-क्लॅम्प आहे. टास्कला खालची मर्यादा बांधून द्या, समजा ६००, म्हणजे त्याचा आकडा कितीही असो, घड्याळ त्या हिशोबाने चढेल. तुमच्या मशीनवर तुमचंच ॲप आहे, तुम्हाला कोण अडवतं?

रात्रपाळी
आणि उद्या प्रिंटरवाला म्हणेल माझंही ६००, पेमेंटवाला म्हणेल माझं ८००. खजराण्याच्या गणपतीला बुधवारी व्हीआयपी रांग जनरलपेक्षा लांब झालेली मी बघितली आहे. पेल्ट निदान कोणाची चिठ्ठी बघत नाही.

रामबागेतला_मास्तर
चिठ्ठी न बघणाऱ्याला निकडही दिसत नाही, हेच तर पोरगा पहिल्यापासून सांगतोय. त्याने ते न्यायाच्या नावाखाली सांगितलं म्हणून मी उगाच उखडलो. पण जिरावन, ६०० बांधलंस तर बॅटरीचं बघ. मर्यादा फक्त त्या एका थ्रेडला लाव, अख्ख्या ॲपला नको.

जिरावन_जास्त
एकाच थ्रेडला लावतोय सर. शनिवारी रात्री सराफ्यात गर्दी असते, गाड्याशेजारी बसून दोन्ही मशीनचा ट्रेस घेतो, बॅटरीसकट. मालकाने आत्ताच बजावलंय, बसायचं असेल तर बिलंही तूच फाडायची.