छोट्या कॉलेजात इंग्लिश लिटरेचर? बडोद्याहून थोडं

वर एकांनी म्हटलंय की छोट्या कॉलेजात इंग्लिश लिटरेचर म्हणजे नुसतं गाईड पाठ करणं, लेकीला पाठवू नका. अर्धंच खरं आहे हो ते. आमच्या बडोद्यात सगळ्यांचा ओढा एम. एस. युनिव्हर्सिटीकडे आणि तो उगाच नाही, भाषातज्ज्ञ गणेश देवी 1996 पर्यंत तिथे इंग्लिशच शिकवत होते, आणि अरविंद घोष बडोदा कॉलेजात (तेच पुढे या युनिव्हर्सिटीत सामील झालं) इंग्लिशचे प्रोफेसर होते हे तर इथला प्रत्येक मराठी आजोबा ऐकवतोच. पण मी शिकले ती एका लहानशा कॉलेजात, वर्गात इनमिन दहा-पंधरा टाळकी, त्यामुळे मॅडम प्रत्येकाचा निबंध घरी नेऊन लाल पेनाने रंगवून आणायच्या, माझ्या एका पॅराग्राफसमोर नुसतं 'मग?' लिहिलं होतं, इतकी चिडले की तो अख्खा नव्याने लिहून काढला. मोठ्या वर्गात एवढं कोण बघतंय?

लायब्ररीचा मात्र आनंदीआनंद, दोन कपाटं आणि चावी कायम प्यूनकडे. पुस्तकांसाठी मी मांडवीला सेंट्रल लायब्ररीत जायचे, सयाजीरावांची कृपा.

तेव्हा अ‍ॅडमिशनआधी बिल्डिंग बघू नका, तिथल्या मुलांच्या वह्या मागून बघा. तपासलेल्या दिसल्या तर घाला बिनधास्त.