संक्रांत सोडून काळं का नाही? ऋतूप्रमाणे कपड्यांचे नियम आता पाळायचे का?

खणवेडी (नागपूर), धागाकर्ती

पाडव्याला मी काळी खणाची साडी नेसले होते. सुती खण, लाल काठ. गुढी उभारून झाल्यावर जेवायला आत्याकडे गेलो, तर दारातच तिने विचारलं, "आज संक्रांत आहे का गं?" पानं वाढेपर्यंत तोच विषय. सणाला काळं नको, त्यात उन्हाळा तोंडावर आलेला, काळं ऊन ओढतं. आत्या मोठी आहे, मी काही बोलले नाही. पण ते मनातून जाईना.

त्या दिवशी आत्याची साडी छान पिवळी होती, सणाला साजेशी. पण कापड सिंथेटिक जॉर्जेट. घामाने पाठ भिजली होती, दोनदा स्वयंपाक सोडून पंख्याखाली येऊन बसली. मला त्या मानाने काहीच त्रास झाला नाही. मग ऋतूला धरून कोण नेसलं होतं?

माझं म्हणणं असं: थंडीत काळं ऊब देतं म्हणून संक्रांतीला काळं, उन्हाळ्यात फिकं, हे कारण आपण सगळ्यांना सांगतो. पाळताना मात्र फक्त रंग बघतो. कापड कोणतं, विणकर कोण, अंगाला वारा लागतो का, हे कुणी विचारत नाही. ऋतूच्या नावाखाली बायकांच्या रंगांवर पहारा ठेवायचा असेल, तर तो नियम मला नको आहे.

साडीवाले काका (पुणे)

ताई, चौतीस वर्षं साड्यांच्या गादीवर बसतोय, म्हणून लिहितो. तुमचं मला अजिबात पटलं नाही.

डिसेंबर अर्धा सरला की गिऱ्हाईक येऊन काळं मागतं. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, तोवर चंद्रकळेला मान. मग ती घडी कपाटात जाते ती वर्षभरासाठी. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला सासू स्वतः पदर उलगडून बघते, बुट्टी बघते. हलव्याचे दागिने पांढरेशुभ्र, ते काळ्यावर जसे उठून दिसतात तसे दुसऱ्या कुठल्या रंगावर दिसतात का? तो मेळ कुणीतरी फार विचाराने घातलेला आहे. वर्षभर काळं नेसलं तर त्या एका दिवसाचं अप्रूप काय राहील?

कापडाचं तुमचं म्हणणं मान्य. पण रंगाचा नियम निव्वळ पहारा आहे, हे मान्य नाही. लेकीसुनांना हौसेने काळं घेणाऱ्या हजारो बायका मी पाहिल्यात.

खणवेडी

काका, संक्रांतीला काळं नेसू नका असं मी म्हटलंच नाही. माझ्याकडे आजीची चंद्रकळा आहे, दरवर्षी नेसते. उरलेल्या ३६४ दिवसांची बंदी कशासाठी, एवढंच विचारते आहे.

भौतिकी शिकवतो (सोलापूर)

रंगाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. वाळवंटातले बेदुइन लोक भर उन्हात काळे झगे का घालतात, यावर १९८० साली 'नेचर'मध्ये एक निबंध आला होता. संशोधकांनी नेगेव्हच्या वाळवंटात भर दुपारी माणसाला काळा झगा, पांढरा झगा अशा वेगवेगळ्या कपड्यांत उभं करून मोजमाप केलं. काळ्या कापडाने उष्णता जास्त शोषली हे खरं, पण झगा सैल असल्याने ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचायच्या आत आतल्या खेळत्या हवेबरोबर निघून गेली. अंगाला लागलेली उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच निघाली.

म्हणजे 'काळं तापतं' हे कापडाबाबत खरं आहे, माणसाबाबत दरवेळी नाही. पण आत्याबाई अगदीच चूक नाहीत हेही सांगायला हवं. साडीचा घोळ सैल असला तरी ब्लाऊज अंगाला घट्ट बसतो. काळ्या ब्लाऊजच्या पाठीवर ऊन पडलं की तिथे चटका बसणारच. उन्हातून जायचं असेल तर काळी साडी खुशाल नेसावी, ब्लाऊज फिका आणि सैल शिवावा.

आणखी एक. दिवस मोठा व्हायला लागतो २१-२२ डिसेंबरनंतर. आपली संक्रांत आता १४-१५ जानेवारीला येते आणि साधारण ७० वर्षांत एक दिवस या वेगाने पुढे सरकते आहे. तेव्हा ऋतू आणि सण यांची गाठ आपण समजतो तितकी पक्की नाही.

यारा नदीकाठून (मेलबर्न)

इथली संक्रांत भर उन्हाळ्यात येते. जानेवारीत काही दिवस पारा चाळिशी ओलांडतो. ऊब देणारा रंग म्हणून काळं, हे कारण आमच्या अंगणात लागूच होत नाही. तरीही मी काळं घालते आणि घालणार.

मुलाचं बोरन्हाण आम्ही सकाळी आठला झाडाखाली केलं. बोरं मिळाली नाहीत, म्हणून त्या दिवसांत इथे मिळणाऱ्या चेरी, चुरमुरे आणि हलवा. त्याचं काळं झबलं मलमलचं शिवलं होतं. आई व्हिडिओ कॉलवर बघत होती, काळं झबलं दिसताच तिचे डोळे भरून आले. पांढरं घातलं असतं तर हवामानाला शहाणपणाचं ठरलं असतं, पण मग त्या दिवशी मी माझ्या घरापासून आणखी लांब गेले असते. खणवेडीताई, नियमाला कारण उरलं नाही म्हणून तो टाकून द्यावा, हे मला जमत नाही.

खणवेडी

तुमचं वाचून दोन मिनिटं काही लिहावंसं वाटलं नाही. पण बघा, तुम्ही कापड बदललंत. मलमल घेतली, वेळ सकाळची निवडली. ऋतू तुम्ही शिवणीत पाळलात आणि रंग आठवणीसाठी ठेवलात. तुम्हाला तो कुणी बजावून घालायला लावला नाही.

तालुका कोर्टातला वकील

काळा रंग आमच्या तर गळ्यातच बांधलेला आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम सांगतो की सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालयं सोडून इतर कोर्टांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. पांढरा शर्ट आणि गळ्यातला बँड पुरे. इतकी शिस्तीची जागा जर ऋतू बघून नियम सैल करू शकते, तर पाडव्याच्या पंगतीला काय अडचण आहे?

अडचण माणसांची आहे. पत्र्याच्या छपराखाली बसणारे आमच्यातले कितीतरी जण मे महिन्यातही कोट काढत नाहीत. पक्षकाराला कोटाशिवाय वकील वाटत नाही म्हणे. कोट टेरीकॉटचा, आत घामाच्या धारा. एका ज्येष्ठ सहकाऱ्याला अशा दुपारी भोवळ आली, तेव्हापासून मी एप्रिल ते जून कोट घालत नाही आणि ज्युनिअरना घालू देत नाही.

कापूसवाला (वर्धा जिल्हा)

इथली चर्चा साड्या आणि कोटांची आहे. मी शेतात राबतो, म्हणून माझं जरा वेगळं.

उन्हात काम करणाऱ्याला ऋतूचा नियम मोडून चालत नाही. माझ्या आज्याचं धोतर, बंडी आणि डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा, सगळं सुती आणि पांढरं. दुपट्टा पाण्यात भिजवून डोक्याला बांधायचा, कानावरून घ्यायचा, म्हणजे लू लागत नाही. उन्हाळ्यात अंगभर कपडे घालायचे, उघडं राहायचं नाही, हेही तेच शिकवून गेले. गरम होतं म्हणून बाह्या कापलेले टी-शर्ट घालणारी पोरं मी दुपारी चक्कर येऊन बसलेली पाहिली आहेत.

आता आमची गोष्ट ऐका. आमच्या शिवारात कापूस पिकतो आणि मे महिन्यात आम्ही पॉलिस्टर घालतो. सुती सदरा महाग, धुवून धुवून विरतो, काट्याकुट्यात लवकर फाटतो. पॉलिस्टरचा दोन-तीन वर्षं जातो. अंगाला चिकटतो, घामोळं येतं, पण खिशाला तोच परवडतो. ताई, तुम्ही म्हणता नियम नको. मी म्हणतो, आत्याने सांगितलं त्यापेक्षा जुना जो नियम आहे, कापडाचा, तो पाळायची ऐपत आमच्या माणसाला परत यावी. रंगावरून भांडायला मला वेळ नाही.

खणवेडी

दादा, हे मला सुचायला हवं होतं. माझी सुती साडी आत्याच्या जॉर्जेटच्या तिप्पट किमतीची आहे. तिने जॉर्जेट घेतली ती इस्त्री लागत नाही आणि पैशाला परवडते म्हणून. मी तिच्या घामाचं उदाहरण दिलं, तिच्या पाकिटाचा विचार केला नाही.

डोंबिवली लोकल

ऋतूचे नियम जुने म्हणून टाकायचे असतील, तर नवे कोण आणतंय तेही बघा. नवरात्राचे नऊ रंग. घटस्थापना ज्या वारी, त्या वारावरून पहिला रंग ठरतो: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा. गेल्या विसेक वर्षांत वर्तमानपत्रांनी हे घरोघरी पोचवलं. ऋतूशी संबंध शून्य, ऑक्टोबरच्या उकाड्यात आम्ही रंग जुळवत असतो.

मला ते आवडतं, हे आधी सांगते. सकाळी लेडीज डब्यात सगळ्याजणी एका रंगात दिसल्या की थकवा निघून जातो. पण आमच्या ऑफिसात सफाईचं काम करणारी मावशी एका वर्षी फोटोच्या वेळी मुद्दाम जिना झाडायला गेली. तिच्याकडे त्या दिवसाचा रंग नव्हता. तेव्हापासून आम्ही तिघी-चौघी त्या नऊ दिवसांत ठरवून वेगळ्या रंगात जातो, म्हणजे वेगळी दिसणारी ती एकटीच राहत नाही.

साडीवाले काका

मावशींचं वाचून वाईट वाटलं. त्या नऊ दिवसांत आमचा गल्ला भरतो, हे लपवणार नाही.

कापूसवाल्या दादांचंही खरं आहे. सुती मागणारं गिऱ्हाईक किंमत ऐकून सिंथेटिककडे वळतं, हे मी रोज बघतो, आणि वळवतोही मीच. कापड आधी बघावं, रंग मागून, हे खणवेडीताईंचं मी आता मान्य करतो. उद्यापासून उन्हाळ्यात कुणी काळं सुती मागितलं तर 'संक्रांतीला या' असं म्हणणार नाही.

पण लग्नकार्याबाबत माझं मत तेच आहे. पुढच्या वैशाखात माझ्या लेकीचं लग्न आहे. तुम्ही काळी खणाची नेसून आलात तर पहिल्या रांगेत बसवीन, कुणी कुजबुजलं तर मी बोलेन. माझ्या लेकीला मात्र त्या दिवशी काळं नेसू देणार नाही. तिने हट्ट धरला तर काय करायचं ते तेव्हा बघू, पण मी तिला नाहीच म्हणणार.

खणवेडी

पत्रिका पाठवा काका. आणि लेकीचं म्हणणं एकदा तिच्याकडूनच ऐका.